कृष्णाकाठचे कान, थेम्सकाठचे नाद

सांगलीची सकाळ आधी कानांना कळते, मग डोळ्यांना. कृष्णेच्या घाटावर अजून धूसर असते, तोच गणपती मंदिरातील घंटा ऐकू येते. जिनमंदिरात अभिषेकाची तयारी सुरू होते, दूधवाल्याच्या किटल्या एकमेकींवर आपटतात, एस.टी. स्टँडवर कोल्हापूरच्या गाडीची घोषणा होते. ऊन वर आले की मार्केट यार्डात हळदीच्या सौद्यांचा गलबला सुरू होतो. या गावात वाढलेल्या मुलाला हे आवाज कोणी शिकवलेले नसतात आणि ते कोणी मुद्दाम ऐकतही नाही. एखाद्या दिवशी त्यांतला एक बंद पडला, तरच काहीतरी चुकल्यासारखे वाटते.

असा मुलगा किंवा अशी मुलगी उच्च शिक्षणासाठी लंडनला निघते, तेव्हा सामानात काय काय जाते! मेतकूट, लोणचे, भडंग, प्रेशर कुकर, आजीने दिलेली जपमाळ. वजनाची मर्यादा सांभाळून घर जेवढे बरोबर नेता येईल तेवढे नेले जाते. आवाज मात्र बॅगेत भरता येत नाहीत. ते मागे राहिले, हे परदेशातल्या पहिल्याच रात्री लक्षात येते.

जैन तत्त्वविचारात जीवांची इंद्रिये एका ठरलेल्या क्रमाने सांगितली आहेत: स्पर्शन, रसन, घ्राण, चक्षू आणि श्रोत्र. एकेंद्रिय जीवाला केवळ स्पर्श असतो. कान लाभतो तो पंचेंद्रियालाच. परक्या शहराची ओळख नेमकी याच क्रमाने होते, असे म्हणावयास हरकत नाही. विमानतळाबाहेर पाऊल पडताच प्रथम थंडी अंगाला भिडते. मग प्रश्न येतो रसनेचा. दुकानातील प्रत्येक पुडक्याच्या मागची बारीक अक्षरे वाचून त्यात अंडे नाही ना, जिलेटिन नाही ना, याची खात्री करावी लागते. त्यानंतर वास येऊ लागतात: भिजलेल्या लोकरी कोटांचा, कॉफीचा, भुयारी रेल्वेच्या जिन्यावरून वर येणाऱ्या उबदार हवेचा. डोळ्यांना लाल बस आणि विटांची घरे आठवड्याभरात सवयीची होतात. सर्वांत शेवटी त्या शहरात राहायला जातो तो कान. त्याला कधी कधी वर्ष लागते.

पहिले काही दिवस कान शोधतो तो हॉर्न. रस्त्यावर शेकडो गाड्या आहेत आणि तरीही कोणी हॉर्न वाजवीत नाही, याची सांगलीच्या माणसाला प्रथम भीतीच वाटते. ब्रिटनमध्ये वस्तीच्या भागात रात्री साडेअकरापासून सकाळी सातपर्यंत हॉर्न वाजविण्यास नियमाने मनाई आहे. दिवसाही तो धोक्याची सूचना देण्यापुरताच असतो. खिडक्यांना दुहेरी काचा असतात. त्यामुळे खोलीत उरतो तो भिंतीलगतच्या गरम पाण्याच्या नळीचा टकटकाट आणि आपल्याच श्वासाचा आवाज. घरी चार माणसांच्या बोलण्यात अभ्यास केलेल्या मुलाला या शांततेत वाचन होत नाही. मग तो मोबाईलवर कुकरच्या शिट्ट्यांचा नाही तर पावसाचा आवाज लावून बसतो.

या शांततेला मधूनच तडा जातो. जानेवारीच्या रात्री खिडकीखाली कोणीतरी किंचाळते, आणि नवा विद्यार्थी दचकून उठतो. शेजारच्या खोलीतला जुना विद्यार्थी सकाळी हसून सांगतो, ‘कोल्हा होता.’ लंडनच्या वस्तीत कोल्हे राहतात आणि हा त्यांच्या मीलनाचा काळ असतो. दुसरा आवाज आगीच्या इशाऱ्याचा. त्याची चाचणी वसतिगृहात बहुधा आठवड्यातून एकदा ठरलेल्या वेळी होते. पण एखाद्या संध्याकाळी अवेळीच ती घंटा कर्कशपणे वाजू लागते, शे-दीडशे मुले थंडीत अंगणात येऊन उभी राहतात, आणि कारण काय तर कोणीतरी वरणाला मोहरीची फोडणी दिली! आपल्याकडे फोडणीचा चरचराट म्हणजे जेवण तयार होत आल्याची वर्दी. तिथे तोच आवाज अग्निशामक दलाला बोलावतो.

मग येतो माणसांचा आवाज. ‘यू ऑल राइट?’ असे कोणी विचारले की नवा विद्यार्थी थांबून प्रकृतीचे खरेखुरे वर्तमान सांगू लागतो, तोवर विचारणारा पुढे निघून गेलेला असतो. तो प्रश्न नव्हताच, नमस्कार होता, हे कळायला काही आठवडे जातात. धक्का ज्याला लागला तोच ‘सॉरी’ म्हणतो, याचेही नवल वाटते. शब्द शाळेत शिकलेलेच असतात. त्यांचा चढउतार मात्र कोणत्याही पुस्तकात लिहिलेला नसतो.

भुयारी रेल्वेत एक वाक्य दिवसातून कितीदा तरी कानावर पडते: ‘माइंड द गॅप’. फलाट आणि डबा यांमधील अंतर सांभाळा, एवढाच त्याचा अर्थ. एम्बँकमेंट स्थानकाच्या एका फलाटावर हे वाक्य ऑस्वाल्ड लॉरेन्स या अभिनेत्याच्या आवाजात वाजत असे. २००७ साली त्यांचे निधन झाले. त्यानंतर त्यांची पत्नी त्या फलाटावर येऊन बसे आणि तो आवाज ऐकण्यासाठी एखादी गाडी मुद्दाम सोडून देई. २०१२ साली नवी यंत्रणा आली आणि जुना आवाज बंद झाला. तिने रेल्वेकडे त्या ध्वनिमुद्रणाची प्रत मागितली. अधिकाऱ्यांनी प्रत तर दिलीच, शिवाय २०१३ साली त्या फलाटावर तो आवाज पुन्हा सुरू केला. ही हकीगत कळली की रोजच्या गर्दीत कंटाळवाणी वाटणारी सूचना निराळी ऐकू येऊ लागते. एवढ्या अवाढव्य शहराने एका विधवेसाठी तीन शब्द जपून ठेवले आहेत.

सातारा-सांगलीकडून लंडनकडे जाणारी ही वाट आजची नाही. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, एका मुलाचे नाव दाखल झाले. पुढे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकून तो डॉ. बाबासाहेब आंबेडकर म्हणून जगाला माहीत झाला. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब लंडनमध्ये किंग हेन्रीज रोडवरील दहा क्रमांकाच्या घरात राहात. आज तिथे त्यांचे स्मारक आहे. यूस्टन स्थानकाकडे जाणारा लोहमार्ग तेथून अगदी जवळून जातो. त्यांचा दिवस मात्र बहुतांशी ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात जाई. त्या घुमटाखालच्या वाचनकक्षात पानांची सळसळ आणि खुर्चीची करकर एवढाच काय तो आवाज. वर्गात ज्याला वेगळे बसावे लागले, त्या विद्यार्थ्याला त्या कक्षातील शांततेत कोणत्याही मेजावर इतरांच्या बरोबरीने बसता आले. शांतता कोणाला सुनी वाटते, तर कोणाला मोकळीक देते, हे या एका उदाहरणावरूनही ध्यानात यावे.

याच साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ साली सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह काढले. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग’ असे नामकरण झाले. कर्मवीरांच्या हाताखाली घडलेले पी. जी. पाटील लंडनहून बॅरिस्टर होऊन परतले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्या काळी घरचा आवाज ऐकण्याची सोय नव्हती. बोटीने येणारे पत्र आठवडेच्या आठवडे वाट पाहायला लावी, आणि अक्षर वाचताना आवाज मनातल्या मनात आठवून घ्यावा लागे.

लंडनचा सर्वांत प्रसिद्ध आवाज म्हणजे बिग बेन. हे नाव मनोऱ्याचे नसून आतील मोठ्या घंटेचे आहे. १८५८ साली व्हाइटचॅपल येथील कारखान्यात ती ओतली गेली, वजन १३.७ टन. जुलै १८५९ मध्ये ती वाजू लागली आणि दोनच महिन्यांत तिला तडा गेला. सुमारे चार वर्षे ती मुकी राहिली. अखेर घंटा थोडी फिरवून, तड्याची जागा टोल्यापासून दूर नेऊन आणि हातोडा हलका करून तिला पुन्हा बोलते केले गेले. तडा तसाच आहे. तिच्या नादात जी किंचित खरखर आहे, ती या तड्याचीच देणगी मानली जाते.

मिरजेच्या माणसाला हे पटवून देण्याची गरज नाही. एकोणिसाव्या शतकापासून मिरजेत सतार आणि तंबोरे घडविले जातात. २०२४ साली या दोन्ही वाद्यांना भौगोलिक मानांकन मिळाले. तिथले कारागीर तंबोऱ्याच्या घोडीचा पृष्ठभाग कानसाने हळूहळू घासून ‘जवारी’ काढतात. तार अगदी स्वच्छ सुटली तर आवाज कोरडा येतो. घोडीला ती जरा घासत गेली की एका स्वरातून अनेक स्वर उमलतात. मिरजेची जवारी कारागिराने जाणून काढलेली, बिग बेनची अपघाताने लाभलेली. दोन्ही ठिकाणी नादाला ओळख मिळाली ती थोड्याशा खरखरीमुळे.

ऑगस्ट २०१७ पासून नोव्हेंबर २०२२ पर्यंत दुरुस्तीसाठी बिग बेनचे नित्याचे टोले थांबवले होते. केवळ खास प्रसंगी ती वाजे. त्या पाच वर्षांत लंडनला शिकून परतलेल्या मुलांनी मनोऱ्यासमोर छायाचित्रे भरपूर काढली, पण त्यांचे लंडन या एका आवाजावाचूनच राहिले.

लंडनच्या चर्चमधून आठवड्यातील एखाद्या संध्याकाळी निराळाच घंटानाद ऐकू येतो. त्यात चाल सापडत नाही. लक्ष देऊन ऐकले तर त्यात गणित सापडते. मनोऱ्यात सहा, सात किंवा आठ घंटा असतात. प्रत्येकीची दोरी एकेका माणसाच्या हाती असते. प्रत्येक फेरीत सर्व घंटा एकदाच वाजतात. पुढच्या फेरीत क्रम बदलतो. कोणत्याही घंटेने एका वेळी एकच स्थान मागे-पुढे सरकायचे आणि एकदा वाजलेला क्रम पुन्हा येऊ द्यायचा नाही, असा नियम. सहा घंटांचे ७२० क्रम होतात, सातांचे ५०४०. हे ५०४० क्रम ओळीने वाजवायला सुमारे तीन तास लागतात, आणि वाजवणारे ते पाठ करून वाजवतात.

५०४० ही संख्या आपल्या संगीतालाही परकी नाही. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या दरबारी असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ ग्रंथात सात स्वरांच्या ५०४० ताना सांगितल्या आणि एखादी तान त्या मालिकेत कितवी, हे काढण्याची युक्तीही दिली. त्याच्याही आधी नवव्या शतकात जैन गणिती महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ ग्रंथात अनेक वस्तूंतून काही निवडण्याचे किती प्रकार होतात, याचा सामान्य नियम मांडला. थंडीत कॉलर वर करून चर्चच्या भिंतीशी उभ्या राहिलेल्या विद्यार्थ्याला हे ठाऊक असेल, तर वरून येणारा तो नाद त्याला अनोळखी वाटणार नाही. देवगिरीच्या पंडिताने जे पानावर मांडले, ते इथे दोरीला लटकून वाजते आहे, एवढेच.

आणि एखाद्या दुपारी केन्सिंग्टनच्या बागेत मान वर करावी, तर डोक्यावरून हिरवा थवा ओरडत जातो. राघू! विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पिंजऱ्यांतून सुटलेले हे पक्षी लंडनमध्ये रुजले आणि आता थंडीतही टिकून आहेत. तोच कलकलाट, जो सांगलीत नदीकाठच्या पिंपळावर संध्याकाळी ऐकू येतो. अनेक मुले त्या क्षणी पहिल्यांदा फोन काढून तिथला आवाज घरी पाठवतात.

घरचा फोन हा या सगळ्या गोष्टीचा मर्मबिंदू आहे. हिवाळ्यात सांगलीचे घड्याळ लंडनच्या साडेपाच तास पुढे असते. रात्री साडेनऊला घरची जेवणे आटोपून आई फोन करते, तेव्हा तिकडे दुपारचे चार वाजलेले असतात आणि डिसेंबरात सूर्य मावळून गेलेला असतो. पहिल्या महिन्यात फोनवर मुलगाच ऐकत राहतो. मागे भांडी वाजताहेत, कोणीतरी ‘दार लाव गं’ म्हणते आहे, गल्लीतून स्कूटर जाते आहे. बोलणे संपले तरी तो फोन ठेवत नाही. ‘असू दे आई, तू तुझं काम कर, चालू राहू दे,’ म्हणतो. आईला वाटते, पोराला काही सांगायचे आहे. त्याला काहीच सांगायचे नसते. त्याला घर ऐकायचे असते.

आठ-दहा महिन्यांनी चित्र उलटते. बोलता बोलता आई मध्येच थांबते.

‘काय रे, मागे कसला आवाज येतोय? केवढ्यानं वाजतंय!’

‘कुठला आवाज, आई?’

रुग्णवाहिका खिडकीखालून गेलेली असते. सांगलीत बसलेल्या आईने ती ऐकली. त्या खोलीत बसलेल्या मुलाने ऐकली नाही. त्याच्या कानाने तो आवाज आता ‘आपल्या’ आवाजांत जमा करून टाकला आहे, जसा लहानपणी एस.टी.च्या घोषणेचा केला होता. हे त्याला कळत नाही. आईला मात्र बरोबर कळते. मुलगा आता तिथला झाला, याचा दाखला तिला विद्यापीठाच्या कोणत्याही कागदाआधी या दोन शब्दांत मिळतो. त्यात समाधान असते, पोर रुळले म्हणून. आणि एक बारीकशी कळही असते, जी ती बोलून दाखवत नाही. ‘काही नाही, जेवलास का?’ एवढेच विचारते.

लंडनमध्ये या भावनेला जुनी परंपरा आहे. सेंट मेरी-ल-बो या चर्चच्या घंटा जिथवर ऐकू येतात, त्या टापूत जन्मलेला तोच खरा ‘कॉकनी’, म्हणजे अस्सल लंडनकर, असा तिथला संकेत. हद्द दगडांनी आखली नाही, कानांनी आखली. १९४१ च्या बाँबवर्षावात त्या घंटा नष्ट झाल्या आणि नव्या घंटा १९६१ साली वाजू लागल्या. मधल्या वीस वर्षांत जन्मलेल्यांना काय म्हणायचे, यावर तिथे आजही थट्टा चालते.

विद्यार्थ्यांसाठी एक आवाज मात्र मुद्दाम प्रवास करून ऐकण्याचा असतो. लंडनहून आगगाडीने सव्वा-दीड तासावर लेस्टर आहे. तिथे जुन्या चर्चच्या इमारतीत जैन मंदिर उभे राहिले असून १९८८ साली त्याची प्रतिष्ठा झाली. श्वेतांबर, दिगंबर, स्थानकवासी अशा सर्वांसाठी तिथे एकाच छताखाली स्थान आहे. पर्युषणात तिथे गेलेल्या सांगलीच्या मुलाला सभोवार बहुतेक गुजराती बोलणे ऐकू येते. पण णमोकार सुरू झाला की भाषेचा प्रश्न उरत नाही. ती प्राकृत अक्षरे त्याच्या आजीच्याच चालीत येतात.

शिक्षण संपवून परतणाऱ्याला सांगली प्रथम असह्य मोठ्याने बोलणारी वाटते. हॉर्न, लाउडस्पीकर, बँड. त्याला दोन रात्री झोप येत नाही. ‘फार नाजूक झालास रे,’ म्हणून घरचे हसतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्याला झोप लागते. मात्र एक गोष्ट कायमची बदललेली असते: जे आवाज पूर्वी कधी कानात शिरले नव्हते, ते आता स्पष्ट ऐकू येतात. आजी जप करताना मणी सरकल्याचा आवाज तो पहिल्यांदाच ऐकतो.

अशा परतलेल्यांनी एकदा वाईजवळच्या मेणवलीला जावे. ज्या कृष्णेच्या काठी सांगली आहे, तीच कृष्णा वर सातारा जिल्ह्यात नाना फडणवीसांच्या वाड्यामागून वाहते. परदेशातून परतणाऱ्या तरुणाची कथा सांगणारा ‘स्वदेस’ हा चित्रपट याच घाटावर चित्रित झाला. घाटावरील एका छोट्या मंडपात मोठी घंटा टांगलेली आहे. तिच्यावर बालयेशूसह माता मेरीची आकृती आहे आणि १७०७ हे वर्ष कोरलेले आहे. ती पोर्तुगीजांच्या चर्चची घंटा. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर ज्या घंटा मराठ्यांच्या हाती आल्या, त्यांपैकी ही एक.

पिढ्यान्पिढ्या ही घंटा कृष्णेच्या पाण्यावर वाजते आहे. घाटावर धुणे धुणाऱ्या बाईला, म्हशी पाण्यात घालणाऱ्या पोराला तिचा नाद परका वाटत नाही. ती कोठे ओतली गेली, हे त्यांना ठाऊक असो वा नसो. तिच्या आवाजात ते लहानाचे मोठे झाले. लंडनच्या घंटांशी झगडून कान तयार केलेला विद्यार्थी तिथे उभा राहिला, तर आपल्या आईला फोनवर काय ऐकू आले असेल, हे कदाचित त्याला तिथे उमजेल.

जैन गृहस्थाला आपण ‘श्रावक’ म्हणतो. श्रावक म्हणजे ऐकणारा. हा शब्द आपण लग्नपत्रिकेत छापतो, सभेत उच्चारतो, आणि त्याचा धात्वर्थ विसरून जातो. साता समुद्रांपलीकडे एकट्या खोलीत बसून, परक्या शहराचे आवाज एकेक करून ओळखणारी आपली मुले त्या शब्दाचा पहिला धडा पुन्हा गिरवत असतात. त्यांचा फोन आला आणि बोलणे संपूनही त्यांनी तो ठेवला नाही, तर घरच्यांनी घाई करू नये. भांडी वाजू द्यावीत.